दाखल्याचं काम आधी, पिंक टॉवर नंतर

ताई, तुमची धाकटी साडेचार वर्षांची आहे. तिला घरीच शिकवायचंय, आणि मॉन्टेसरीच्या सामानातून कॅथलिक धर्मशिक्षण कसं देता येईल, असं तुम्ही विचारलंय. शेवटी एक ओळ जाता जाता लिहिलीत. आठ वर्षांच्या मोठ्याला आता शाळेत घालायचंय, पण एका कार्यालयानं "आधीच्या शाळेचा दाखला आणा, मग बोला" म्हणून परत पाठवलं. ती ओळ वाचून माझं डोकंच फिरलं. याच सोलापुरात, याच शब्दांत, हे मी ऐकलंय.

मॉन्टेसरी म्हणजे काय (मुलानं वस्तू हाताळत स्वतःच शिकायचं), कोपरा कसा मांडायचा, मुलाच्या मधे का बोलायचं नाही, हे तुम्हाला माहीत असणार. ते सोडते.

माझी मोठी कधी शाळेत गेलीच नव्हती. नऊ वर्षांची झाल्यावर तिलाच जावंसं वाटायला लागलं, मावसबहिणी जात होत्या म्हणून. शाळा घ्यायला तयार होती, फक्त वरून पत्र आणा म्हणाली. वरच्या टेबलावर एकच पालुपद, शाळा सोडल्याचा दाखला. अहो, जी शाळा धरलीच नाही ती सोडल्याचा दाखला द्यायचा कुणी? क्लार्कनं मान वर न करता सांगितलं, "मग शाळाबाह्य म्हणून लिहून द्या." दिलं लिहून. पुढच्या खेपेला तो कागदच सापडेना. मग साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगला, साहेबांची बदली. नव्या साहेबांपुढे पुन्हा श्रीगणेशा. पाहता पाहता दिवाळी गेली, जानेवारीतली गड्ड्याची जत्रा आली, आणि "आता पुढच्या जूनलाच बघा" असं ऐकवलं. पोरीचं अख्खं वर्ष गेलं. एवढ्या घोळात "नाही" असं कागदावर कुणीही लिहून दिलं नाही, सगळं तोंडी.

मी वकील नाही, तेव्हा खात्री करून घ्या. पण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची तीन कलमं छापून पिशवीत ठेवा. कलम 4 म्हणतं की सहा वर्षांवरच्या मुलाला कधी शाळेत घातलं नसेल तर वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यायचा, आणि बाकीच्यांच्या बरोबरीला यायला विशेष प्रशिक्षणही द्यायचं. कलम 5 प्रमाणे, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी तेवढ्यावर प्रवेश अडवता येत नाही. कलम 14 प्रमाणे, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. साहेब नसले तरी आवक-जावकचं टेबल असतंच. नकार द्यायचा असेल तर लेखी द्या म्हणावं. लेखी म्हटलं की आवाज खाली येतो.

एक मेख आहे, आणि आपल्या ख्रिस्ती लोकांना हमखास नडते. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं अल्पसंख्याक शाळा या कायद्याबाहेर ठेवल्या आहेत. मिशनच्या शाळा त्यातच येतात, म्हणून तिथे ही कलमं दाखवून उपयोग नाही, तिथे मुख्याध्यापकांशी गोडीनं बोलावं लागतं. आणि जन्मदाखला, आधार आणि बाप्तिस्म्याचा दाखला या तिन्हींवर नाव एकसारखं आहे का ते आजच बघा. एकीकडे घरचं नाव, दुसरीकडे बाप्तिस्म्याचं, असं फार घरांत असतं. धाकटीच्या दहावीची चिंता आत्ता नको. एनआयओएस हे मुक्त शाळेचं बोर्ड आहे, बाहेरून परीक्षेला बसायचा बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्म आहे, त्याला अजून पुष्कळ वेळ आहे.

आता सामान. पिंक टॉवरच्या, म्हणजे एकावर एक रचायच्या गुलाबी मनोऱ्याच्या, दहा ठोकळ्यांवर दहा आज्ञा चिकटवल्या तर चालेल का, असं विचारलंत. नका चिकटवू. तो टॉवर एकच गोष्ट शिकवतो, आकार. सगळे ठोकळे एकाच रंगाचे, एकाच घाटाचे, फक्त 1 सेंटिमीटरपासून 10 सेंटिमीटरपर्यंत वाढत जातात. मुलाचं लक्ष दुसरीकडे जाऊ नये म्हणून बाकी सगळं मुद्दाम काढून टाकलंय. त्यावर आज्ञा लावल्यात तर पोरगी विचारेल, सगळ्यात मोठी आज्ञा कुठली आणि एवढीशी कुठली? काय उत्तर देणार? जपमाळेचे मणी मोजायला गणिताचे गोल्डन बीड्स, लांबी शिकवणाऱ्या लाल दांड्यांचा क्रूस, असलं खूप दिसतं हल्ली. माझ्या मते त्यानं गणितही बिघडतं आणि प्रार्थनाही. कुणाला पटणार नाही, नसो पटू.

ही पद्धत काढणाऱ्या मारिया मॉन्टेसरी स्वतः कॅथलिक होत्या. रोममधलं त्यांचं पहिलं बालघर 6 जानेवारी 1907 ला उघडलं, प्रकटीकरणाच्या सणादिवशी. पण धर्मशिक्षणासाठी त्यांनी ठोकळ्यांवर चिकटवाचिकटवी केली नाही. बार्सिलोनात मुलांसाठी वेगळं छोटं चॅपल केलं, मुलांच्या उंचीचं. तोच धागा पकडून सोफिया कावाल्लेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी 1954 मध्ये रोममध्ये उत्तम मेंढपाळाचं धर्मशिक्षण सुरू केलं, त्याचं साहित्य निराळंच आहे. तुम्हाला हवंय ते हे, आणि त्यातलं बहुतेक घरी होतं.

उदाहरणार्थ वेदीची तयारी. औषधाच्या दोन छोट्या काचेच्या बाटल्या उकळून घ्या, एक छोटा चषक, एक ताटली, एक स्पंज. एका बाटलीत पाणी, दुसरीत द्राक्षांचा रस. आधी रस ओतायचा, मग पाण्याचे दोन-चार थेंब. माझा धाकटा दोन्ही हातांनी बाटली धरायचा, काठावर लोंबणारा शेवटचा थेंब पडेपर्यंत श्वास रोखून बसायचा, मग स्पंजनं काठ पुसायचा. तेवढं झाल्यावर मी एकच विचारायची, "आता यातलं पाणी वेगळं काढता येईल?" आणि गप्प बसायची. त्यानं चमच्यानं बराच वेळ खटाटोप केला. शेवटी म्हणाला, "नाही निघत. ते त्याचंच झालं." मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, फादर तेच करतात हे त्यानं पुढच्या रविवारी स्वतःच ओळखलं. अर्थ सांगायची घाई केली असती तर हे झालं नसतं.

मेंढपाळाच्या दाखल्याला, म्हणजे येशूच्या त्या बोधकथेला, लाकडी मेंढ्या मागवायची गरज नाही. प्लायवर चित्रं काढून कापून घ्या, काडेपेटीच्या काड्यांचं कुंपण पुरे. पण त्याआधी सुगीनंतर गावाकडे रानात मेंढरं बसवलेली दाखवून आणा. धनगरानं हाळी दिली की कळप कसा वळतो ते पाहिलेल्या मुलाला "मी उत्तम मेंढपाळ आहे" हे वेगळं समजावावं लागत नाही. मोहरीच्या दाण्याचा दाखला तर मिसळणाच्या डब्यातच आहे. एक दाणा बोटाच्या टोकावर ठेवायचा, बस.

चर्चमध्ये काळाप्रमाणे बदलणाऱ्या उपासनेच्या रंगांसाठी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओळख असेल तर टॉवेलचे कटपीस मिळतील. जांभळा, पांढरा, हिरवा, लाल. पुठ्ठ्याचे 52 चौकोन गोलाकार लावा, सुरुवात आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या रविवारांच्या, चार जांभळ्यांनी, आणि दर रविवारी मुलीनंच चिमटा एक घर पुढे सरकवायचा. शेवटचा लांबलचक हिरवा पट्टा बघून ती कंटाळेल. कंटाळू द्या.

अक्षरांना परदेशी संच अजिबात नको. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मागा आणि त्यातून बोटानं गिरवायची अक्षरं कापा. फार खरखरीत नको, बोटं सोलतात. क्रम अ आ इ नव्हे, ग म भ न घ्या, वळणं जुळतात. बालशिक्षणातल्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डी गावात काम सुरू केलं तेव्हा शिंपले, बिया, पानं हेच साहित्य होतं, आणि मॉन्टेसरी कोळून प्यायलेल्या बाई होत्या त्या. तेव्हा कुणी महागडा संच सांगितला असेल तर तो राहू द्या. घ्यायचंच असेल तर भोकांत दट्टे बसवायचे लाकडी ठोकळे तेवढे घ्या, ते घरी अचूक कापले जात नाहीत.

राहिला प्रथम कम्युनियनचा, म्हणजे मुलीनं पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याचा, प्रश्न. चर्चच्या कायद्यातल्या कॅनन 914 प्रमाणे ती तयारी आधी आई-वडिलांची जबाबदारी आहे, आणि धर्मगुरूंचीही. ते खरं असलं तरी कॅनन दाखवत चर्चच्या ऑफिसात जाऊ नका. आत्ताच फादरांना घरी चहाला बोलवा आणि मुलीला तिची वेदी मांडून दाखवू द्या. धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, रविवारच्या वर्गाची हजेरी लागते का, कोणत्या वर्षापासून लागते, ते त्याच बैठकीत विचारून घ्या. फादरांचीही बदली होते, म्हणून जे ठरेल ते वहीत लिहून त्यांची सही घ्या.