दर्यावर्दीला विचारा : धुराड्यावरचा डॉलर

प्रश्न : कॅप्टनसाहेब, नमस्कार. मी उरणची शिक्षिका. शाळेत जाताना जेएनपीटीकडे निघालेले ट्रेलर रोज आडवे येतात. त्यातल्या ‘एपीएल’ लिहिलेल्या कंटेनरवर गरुडाचं चित्र असतं. माझे मिस्टर म्हणतात, ही कंपनी मुळात लाकडाच्या वखारवाल्याची. मला ते पटत नाही. खरं काय?

उत्तर : बाई, मिस्टरांना एक चहा द्यावा लागणार. आणि आधी एक दुरुस्ती: मी कॅप्टन नव्हे. चीफ ऑफिसर म्हणून जहाजावरून उतरलो तो उतरलोच. पण वाचक कॅप्टनच लिहितात आणि संपादक खोडत नाहीत. गंमत अशी, की तुमच्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्यापासून सुरू होतं, त्या रॉबर्ट डॉलर यांनाही सगळं जग ‘कॅप्टन डॉलर’ म्हणायचं, आणि त्यांनीही कधी जहाज हाकलं नव्हतं.

डॉलर हे त्यांचं आडनाव. जन्म १८४४चा, स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कचा. चौदाव्या वर्षी घरच्यांबरोबर कॅनडात आले आणि लाकूडतोड्यांच्या छावणीत स्वयंपाक्याच्या हाताखाली पोऱ्या म्हणून लागले. भांडी घासून झाली की भूर्जाच्या सालीवर आकडेमोड करत बसायचे, असं सांगतात. पुढे ओंडके नदीतून वाहून नेणं, मग स्वतःची लाकूडतोड, मिशिगन, आणि १८८८ला कॅलिफोर्निया. तिथे उसल नावाच्या आडबाजूच्या खाडीवर त्यांनी रेडवूड कापायची गिरणी घेतली.

आता ही जागा डोळ्यांसमोर आणा. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मेंडोसिनोचा किनारा. डोंगरावर आभाळाला टेकलेली झाडं, खाली थेट खडक आणि पॅसिफिकच्या लाटा. ना रस्ता, ना रेल्वे. बंदर म्हणजे खडकातली खाच. खलाशी त्यांना ‘डॉग-होल’ म्हणत, कारण आत कुत्र्यालाही वळता येणार नाही इतकी ती अरुंद. लहान गलबत कसंबसं आत घालायचं, नांगर टाकून धरायचं आणि कड्यावरून घसरगुंडीने किंवा तारेला टांगून फळ्या खाली सोडायच्या. वारा फिरला की काम अर्धं टाकून पळायचं. आमच्या हर्णैच्या बंदरातही पावसाळ्याच्या तोंडावर अशी पळापळ असे, पण आम्हाला निदान सुवर्णदुर्गाचा आडोसा होता.

अशा ठिकाणी माल विकण्यापेक्षा तो हलवणं अवघड. फळ्या रचून तयार, आणि जहाजवाला येईल तेव्हा येणार, सांगेल ते भाडं घेणार. डॉलर यांनी १८९५ साली ‘न्यूजबॉय’ नावाची एक छोटी लाकडी स्टीम स्कूनर विकत घेतली. शिडाच्या गलबतात वाफेचं इंजिन बसवलं की झाली स्टीम स्कूनर, एवढंच समजा. तिचे पैसे लवकरच वसूल झाले, आणि भाडं देण्यापेक्षा भाडं घेणं बरं हे त्यांना कळलं. दुसरं जहाज आलं, तिसरं आलं. बहुतेकांना घरातल्या माणसांची नावं: ‘रॉबर्ट डॉलर’, ‘स्टॅन्ली डॉलर’, ‘हेझल डॉलर’, ‘बेसी डॉलर’. आपल्याकडे फतेमारीवर बायकोचं नाव घालतात तसंच.

इथपर्यंत हा लाकूडवाल्याचा जोडधंदा होता. पॅसिफिक किनाऱ्यावर असे वखारवाले-जहाजवाले आणखीही होते. डॉलर यांचं वेगळेपण माझ्या मते एकाच गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट नाशिकचा ट्रकवालाही जाणतो. कांदा घेऊन वाशीला गेलेला ट्रक रिकामा परतला तर डिझेलचे पैसे कोण देणार? १९०२च्या सुमारास ते अमेरिकी लाकडासाठी गिऱ्हाईक शोधत जपान आणि चीनला गेले. गिऱ्हाईक मिळालं. पण शांघायला लाकूड उतरवून पॅसिफिक महासागर रिकाम्या पोटी पार करायचा म्हणजे जहाज स्थिर राहावं म्हणून नुसतं नीरम, म्हणजे बिनकमाईचं वजन, भरून हजारो मैल कोळसा जाळायचा. म्हणून त्यांनी परतीचा माल हुडकायला सुरुवात केली. १९१०मध्ये तर चीनमधल्या हानयांगच्या कारखान्यातलं कच्चं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थेट अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यापर्यंत आणायचा करार केला. चिनी व्यापाऱ्यांशी वर्षानुवर्षं संबंध जपले. माल आपल्या वखारीचा असो वा नसो, जहाज भरलेलं हवं. या परतीच्या फेरीनेच त्यांना वखारवाल्याचं जहाजवाला केलं, असं मी धरून चालतो.

त्यांची आरतीही ओवाळायची नाही. १९१५ साली अमेरिकेत खलाशांच्या हक्कांचा कायदा झाला, त्याला त्यांनी कडाडून विरोध केला. स्वस्तातले चिनी खलाशी आणि जहाजांवरचं ब्रिटिश निशाण, म्हणजे ब्रिटिश नोंदणी, यांवर त्यांचा बराच हिशोब बसलेला होता. आयुष्यभर डेकवर काम केलेल्या माणसाला हे वाचून त्रास होतोच.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी सरकारकडे जहाजं पडून होती. १९२३ला डॉलर यांनी त्यातली सात एकदम उचलली, सगळी राष्ट्राध्यक्षांच्या नावांची. ५ जानेवारी १९२४ला ‘प्रेसिडेंट हॅरिसन’ सॅन फ्रान्सिस्कोहून सुटलं: होनोलुलू, जपान, शांघाय, हाँगकाँग, मनिला, सिंगापूर, कोलंबो, सुएझ, इटली, न्यूयॉर्क, पनामा आणि परत घरी. दर पंधरवड्याला एक जहाज, ठरलेल्या दिवशी, पृथ्वीला पूर्ण वळसा. ऐंशीच्या घरातल्या वखारवाल्याने हे केलं! त्या जहाजांच्या धुराड्यांवर पांढऱ्या रंगात भलंमोठं डॉलरचं चिन्ह असे. आडनावच तसं, मग लाजायचं कशाला.

१९३२ला म्हातारा गेला. त्याआधीच कर्ज काढून ‘प्रेसिडेंट हूवर’ आणि ‘प्रेसिडेंट कूलिज’ ही दोन अजस्र जहाजं बांधून झाली होती, आणि बाहेर मंदी होती. १९३७च्या डिसेंबरात ‘हूवर’ तैवानजवळच्या एका बेटावर चढलं ते निघालंच नाही. पुढच्याच वर्षी सरकारने ९० टक्क्यांहून जास्त शेअर ताब्यात घेतले, नाव ठेवलं अमेरिकन प्रेसिडेंट लाइन्स, म्हणजेच तुमचं एपीएल, आणि धुराड्यावरचा डॉलर पुसून तिथे गरुड बसवला. तुमच्या ट्रेलरवरचा पक्षी तो हाच. ‘कूलिज’ १९४२ला, महायुद्धात, पॅसिफिकमधल्या एस्पिरितु सांतो बेटापाशी आपल्याच बाजूच्या सुरुंगांवर गेलं. युद्धानंतर डॉलर कुटुंबाने, आम्ही शेअर विकले नव्हते, तारण ठेवले होते, असं म्हणत सरकारवर दावा लावला. तो १९५२पर्यंत चालला. शेवटी शेअर लिलावात काढून आलेले १ कोटी ८३ लाख डॉलर सरकार आणि कुटुंबाने निम्मे निम्मे वाटून घेतले. भावकीतल्या बांधाच्या भांडणापेक्षा वेगळं काही नाही, फक्त बांध जरा लांब होता.

बाकीचं झटपट. युद्धानंतर या कंपनीची जगप्रदक्षिणेची जहाजं मुंबईलाही येत. मग कंटेनर आले. १९९७ला सिंगापूरच्या नेपच्यून ओरिएंटने कंपनी घेतली आणि २०१६ला नेपच्यूनलाच फ्रान्सच्या सीएमए सीजीएमने घेतलं. डॉलर गेला, गरुड तेवढा राहिला.

प्रश्न : काका, मी रत्नागिरीला बारावीत आहे. लाकडाच्या जहाजांच्या फोटोत अर्धा माल डेकवर उघड्यावर रचलेला दिसतो. तो पडत नाही का?

उत्तर : पडतो, बाळा. म्हणूनच मी आज थोडा वाकून चालतो.

लाकूड वजनाच्या मानाने जागा फार खातं. खालचे होल्ड, म्हणजे जहाजाच्या पोटातली मालाची कोठारं, भरले तरी जहाज पुरेसं बुडत नाही, म्हणून उरलेलं डेकवर. बाजूने उंच खांब, वरून साखळ्या आणि वायरी. नीट बांधलेला हा थर पाण्यावर तरंगू पाहतो, म्हणजे जहाजाला आधारही देतो. म्हणून लाकूडवाहू जहाजांना जरा जास्त बुडायची परवानगी असते. जहाजाच्या कुशीवरच्या लोडलाइनच्या, म्हणजे ते कुठवर बुडू द्यायचं ते दाखवणाऱ्या, खुणा पाहा. लाकडासाठीच्या वेगळ्या खुणांपुढे इंग्रजी ‘एल’ अक्षर असतं, लंबरचं.

खोड एकच: लाकूड बसतं. निघताना ताणून बांधलेली साखळी दोन दिवसांत सैल पडते. शिवाय वरचं लाकूड पाणी पितं, खाली इंधन जळून कमी होतं, आणि जहाज हळूहळू डोक्याकडे जड होत जातं. १९८७ला आम्ही बोर्निओतल्या सारावाकहून कांडल्याला ओंडके आणत होतो. नदीच्या तोंडाशी ताफे पाण्यातून येत आणि आमच्याच डेरिकने, म्हणजे जहाजावरच्या यारीने, एकेक ओंडका वर उचलत. मी तेव्हा सेकंड ऑफिसर. मालकाला घाई होती, साखळ्या जुन्या होत्या, आणि ‘निकोबार ओलांडल्यावर आवळू’ असं ठरलं. ठरवणाऱ्यांत मीही होतो, हे लिहायला हवं. निकोबारच्या अलीकडेच रात्री उसळी आली. पहिली साखळी तुटल्याचा आवाज बंदुकीसारखा होता. जहाज डावीकडे कललं ते उठेचना. पहाटे आम्ही बाहेरच्या बाजूच्या वायरी तोडून पंचवीस-तीस ओंडके समुद्रात सोडले, तेव्हा ते सरळ झालं. त्यातल्याच एका वायरीचा तुटका शेपटा माझ्या कमरेत बसला.

तुला मर्चंट नेव्हीत यायचं असेल तर ये. साखळ्या मात्र रोज सकाळी स्वतः हाताने हलवून बघायच्या. खलाशांचा मुकादम, म्हणजे बोसन, ‘बघितल्या’ म्हणाला तरी.

प्रश्न : अशी जुनी लाकूडवाहू जहाजं आता कुठे पाहायला मिळतील का? मुलाकडे कॅलिफोर्नियाला जाणार आहोत. (एक वाचक, पुणे)

उत्तर : जरूर पाहा. सॅन फ्रान्सिस्कोला हाइड स्ट्रीट पिअरवर ‘सी. ए. थायर’ हे तीन डोलकाठ्यांचं गलबत जपलंय, आणि तेही १८९५चंच, म्हणजे डॉलर यांनी ‘न्यूजबॉय’ घेतली त्या वर्षी बांधलेलं. आठ-नऊ माणसं ते चालवत आणि पावणेसहा लाख बोर्डफूट (फूटभर लांब-रुंद, इंचभर जाड फळी म्हणजे एक बोर्डफूट) लाकूड नेत, निम्मं आत आणि निम्मं डेकवर दहा फूट उंच. नंतर त्यावर खारवलेले मासे आले, आणि १९५०पर्यंत ते कमावतं होतं. ‘न्यूजबॉय’च्या जातीची शेवटची स्टीम स्कूनर ‘वापामा’ मात्र २०१३ला मोडीत काढली. तिच्या लाकडाला सावरणं हाताबाहेर गेलं होतं.

मुलीकडे गेलो तेव्हा मी ‘थायर’वर दोन तास होतो. जावई गाडीत वाट पाहत होता. दुरुस्तीत बरंचसं लाकूड नवं घातलंय, पण आतल्या तुळयांचा वास घ्या. आणि नंतर डेकवर उभं राहून दहा फूट उंचीचा अंदाज करा. एवढ्या ढिगावर चढून, वाऱ्यात, ओल्या फळ्यांवरून चालत ती माणसं शिडं आवरत. वहिनींना म्हणावं, चप्पल नको, बूट घाला.