गोकाक फॉल्सला धबधबा सोडून बघण्यासारखं काही आहे का, की तासाभरात निघालं तरी चालेल?

तासाभरात निघालात तरी चालेल, सगळे तेच करतात, गाडी लावायची, फोटो काढायचे, कणीस खायचं आणि परत बेळगाव. पण माझ्या मते ते चूक आहे, कारण ते गाव धबधब्यामुळं नाही, गिरणीमुळं वसलंय.

माझा आज्जा तिथल्या सूतगिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या विभागात होता. आम्ही बेळगावचे मराठी, सुट्टी लागली की गिरणीच्या कॉलनीत. आज्जा पाळी संपवून आला की भुवयांवर कापसाची पांढरी तूस असायची, आज्जी पदरानं पुसायची. संध्याकाळी तो आम्हाला झुलत्या पुलावरून पलीकडं महालिंगेश्वराच्या देवळाला न्यायचा. देऊळ चालुक्यांच्या काळचं. पूल 201 मीटर लांब, खाली खडक 14 मीटरवर, मधोमध पोचलं की पायाखाली हलायचा आणि मी त्याचा सदरा घट्ट धरायचो.

सातवीत सामान्यज्ञानाच्या परीक्षेत विचारलं, भारतात पाण्यावर वीज पहिल्यांदा कुठं झाली. मी लिहिलं गोकाक, 1887, कॉलनीत लहान पोरंसुद्धा हेच सांगायची. बाईंनी लाल पेनानं काट मारली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, गोकाकला करदंट मिळतो, वीज नाही. (करदंट म्हणजे तिथली डिंकाची मिठाई.) अख्खा वर्ग हसला. ते मी अजून विसरलेलो नाही.

पुढच्या सुट्टीत आज्जाला सांगितलं. तो काही बोलला नाही, हाताला धरून कड्याजवळ घेऊन गेला आणि वरनं खाली दाखवलं, तळाशी पॉवर हाऊस आणि तिथं उतरायची दोरीवरची ट्रॉली. म्हणाला, "वरनं पडतंय त्या पाण्यावर साचं फिरतंय बाळा, आणि साच्यावर आपलं घर." साचं म्हणजे गिरणीतली यंत्रं. घटप्रभा तिथं 52 मीटर खाली पडते, गिरणी तिथं काढली ती त्याच जोरासाठी. 1885 ला कंपनी निघाली तिच्या नावातच वॉटर पॉवर होतं. एवढं डोळ्यासमोर असताना लोक म्हणतात तिथं फक्त धबधबा आहे!

हां, पुस्तकात पहिलं वीजकेंद्र म्हणून दार्जिलिंगजवळचं सिद्रापोंग देतात, 1897 चं, ते शहराला दिवे देण्यासाठी होतं. गोकाकचं गिरणीपुरतं, त्यामुळं पहिलं कुणाला म्हणायचं यावर वाद घालता येतो, माझा मेहुणा दर दिवाळीला घालतोच. पण तो फरक बाईंना दोन मिनिटांत समजावता आला असता, पोराच्या गावाला हसायची काय गरज होती? तुम्ही शिक्षक असाल तर पोरगं गावाचं नाव लिहून आलं की काट मारायच्या आधी त्याला विचारा कुणी सांगितलं म्हणून.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर बेळगावहून सकाळी निघून एका दिवसात आरामात होतं. जुलै ते सप्टेंबरमध्ये जा, उन्हाळ्यात नुसता खडक दिसतो. आधी पूल, मग देऊळ, मग गिरणीच्या बाजूनं कड्यावरून पॉवर हाऊस बघा, आणि मुलं बरोबर असतील तर ट्रॉलीची दोरी दाखवून हे सगळं सांगा. वेळ उरला तर मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकी धबधबा पण त्याच भागात आहे. करदंट गोकाक गावात घ्या, फॉल्सपासून 6 किलोमीटर, डिंक आणि सुकं खोबरं भरपूर असलेलाच घ्या.

एक राहिलं, पाणी जास्त असेल तर पुलावर जाऊ देत नाहीत, भांडू नका. 2019 ला याच घटप्रभेनं गोकाक गावात पाणी घातलं होतं. आणि कड्याच्या टोकाला ओल्या खडकावर फोटोसाठी अजिबात जायचं नाही, आज्जा आम्हाला तिथं हात सोडू द्यायचा नाही.