डॅन्यूबकाठची सायकल सफर: काय विकत घ्यावं, काय भाड्याने

प्रश्न: मी ४९ वर्षांची, हे ५३. येत्या मे महिन्यात जर्मनीतल्या पसाऊपासून हंगेरीतल्या बुडापेस्टपर्यंत, डॅन्यूबच्या काठाने १४ रात्रींची सायकल सफर करायची आहे. घरी दोन हायब्रिड सायकली आहेत, पण सफरीसाठी नव्या टूरिंग सायकली, तंबू, स्लीपिंग बॅगा, पॅनियर (कॅरियरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या) असं सगळं घ्यायचा विचार आहे. एकूण खर्चाचे ३८ टक्के सामानावरच जातात. २० टक्के रक्कम कमी पडते, ती अडीअडचणीसाठी ठेवलेल्या एफडीतून काढावी का? माझा एक गुडघा अधूनमधून दुखतो, यांना बीपीची गोळी चालू आहे.

उत्तर: एफडी मोडू नका, आणि सफर पुढेही ढकलू नका. तुम्ही पाठवलेला खर्चाचा तक्ता मी दोनदा वाचला. कमी पडणारी रक्कम त्यातूनच निघते.

आधी तंबू. तंबू, दोन स्लीपिंग बॅगा, मॅट आणि स्टोव्ह मिळून तुम्ही ९ टक्के धरलेत. तुमच्याच आकड्यांनी हे ११ रात्रींचं खोलीभाडं झालं. कॅम्पसाइटही फुकट नसते, तिचं भाडं तुम्ही खोलीच्या एक तृतीयांश धरलंय. म्हणजे तंबूतली एक रात्र दोन तृतीयांश भाडं वाचवते. खरेदी वसूल व्हायला १७ रात्री लागतील आणि तुम्ही तंबूत राहणार ८. ऑस्ट्रियात वाटेल तिथे तंबू ठोकायला बहुतेक ठिकाणी मनाई आहे, तेव्हा फुकटच्या रात्री हिशेबात धरूच नका. मे महिन्यात नदीकाठच्या रात्री गार असतात, स्वस्तातली स्लीपिंग बॅग तिथे पुरत नाही. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तो तिथेच घ्यावा लागतो. त्यात हा सगळा संच सात-आठ किलोंचा, आणि ते ओझं दुखऱ्या गुडघ्यानेच ओढायचं. या मार्गावर एका रात्रीसाठी सायकलस्वारांना ठेवून घेणाऱ्या छोट्या खोल्या भरपूर आहेत. आठही रात्री खोलीत काढल्यात तरी जादा खर्च साडेचार टक्क्यांच्या आत राहतो.

आता सायकली, तक्त्यातले २२ टक्के. तुम्हाला मिळालेलं भाड्याचं कोटेशन या किमतीच्या साधारण एक चतुर्थांश आहे. शिवाय स्वतःची सायकल नेली की ती भरायला खोकं, दोन्ही वेळचं विमानभाडं आणि वजनाची मर्यादा मागे लागते. तुमची सफर एका शहरात सुरू होऊन दुसऱ्या शहरात संपते, त्यामुळे परतीचं खोकं बुडापेस्टमध्ये शोधत फिरावं लागेल. पसाऊत घेऊन व्हिएन्नात परत करता येणाऱ्या सायकली मिळतात. बुडापेस्टला परत घेतील का आणि त्याचे किती, हे मात्र आगाऊ रक्कम भरण्याआधी लेखी विचारा. दोघांच्या फ्रेमचा साइज कळवा. चाकांचा आकार आणि व्हॉल्व्ह दोन्ही सायकलींना एकच मागा, म्हणजे जादा ट्यूबचा एकच संच आणि एकच पंप दोघांना पुरतो.

गुडघ्यासाठी तुमच्यापुरती ई-बाइक, म्हणजे पेडल मारताना मोटरची मदत मिळणारी सायकल घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. तीही भाड्यानेच. १६० वॅट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात सामान म्हणून नेता येत नाही आणि ई-बाइकची बॅटरी बहुधा त्याहून खूप मोठी असते. ई-बाइकचं जादा भाडं धरूनही, तंबूऐवजी खोल्या आणि विकतऐवजी भाड्याच्या सायकली हे दोन्ही बदल मिळून कमी पडणाऱ्या २० टक्क्यांच्या आसपास वाचतात. स्वतःच्या सायकली न नेल्याने वाचलेलं विमानभाडं त्याशिवाय.

विकत घ्यायचं ते अंगाला लागणारं. पॅडची चड्डी प्रत्येकी दोन, चांगलं रेनजॅकेट, हातमोजे. यात काटकसर केलीत तर ती तिसऱ्या दिवशी बसताना जाणवते. तुम्ही लिहिलंयत की घरच्या सायकलीची सीट आठ महिन्यांनी कुठे अंगवळणी पडली. मग तीच काढून बॅगेत टाका. अर्धा किलोच्या आसपास वजन, आणि भाड्याच्या सायकलीवर एका ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या पान्याने) बसते. नवी, भारी सीट घेऊन थेट तिथे बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पॅनियर भाड्याच्या सायकलीबरोबर येतात का ते विचारा, येत नसतील तर वॉटरप्रूफ जोडी घ्या. ती पुढेही वापरात राहील.

पंक्चरचं सामान, चार्जर, औषधांची पिशवी दोघांत एकेक पुरे. पैसे मात्र एका पिशवीत नकोत. दोघांकडे वेगवेगळ्या खात्याचं कार्ड आणि थोडे युरो असू द्या. हंगेरीत युरो नाही, फोरिंट चालतो.

विम्यात मात्र काटछाट करू नका. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतंच, पण ती किमान अट आहे. यजमानांचं बीपी अर्जात स्पष्ट लिहा. लपवलेल्या आजारावरून दावा नाकारला गेला तर परदेशातलं बिल थेट त्याच एफडीवर येईल. रोजची सायकल सफर पॉलिसीत बसते का, हेही तपासा.

काही वर्षं दरवर्षी अशी सफर करणार असाल तर नव्या सायकलींचा विचार जरूर करू. पण तो पहिल्या सफरीनंतर.

काहीही खरेदी करण्याआधी घरच्या सायकलींवर, पूर्ण सामान लादून, सलग दोन दिवसांची रंगीत तालीम करा. निघताना प्रत्येक वस्तू वजनकाट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा. परत आल्यावर जे बॅगेतून बाहेरच निघालं नाही ते यादीतून काढा. औषधं आणि पंक्चरचं सामान तेवढं राहू द्या. ती सुधारलेली यादी मला पाठवा, व्हिसाचा अर्ज करण्याआधी आपण आकडे पुन्हा बसवू.