नाकारलेल्या डिसॅबिलिटी पेन्शनसाठी मुलीची ठेव मोडायची का?

प्रश्न: मराठा लाइट इन्फन्ट्रीतून २४ वर्षं नोकरी करून फेब्रुवारी २०२३ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने उच्च रक्तदाब, ३० टक्के अपंगत्व, कायमस्वरूपी असं लिहिलं. पण सेवेशी संबंध नाही म्हणून आमच्या रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसने डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली. ओळखीतला एक जण अपील करून देतो म्हणाला आणि कागद घेऊन गेला. दोन वर्षं झाली, ना पोच, ना फोन. आता दुसरा एजंट ७५,००० रुपये आगाऊ आणि थकबाकीतले २० टक्के मागतोय. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली ३ लाखांची मुदत ठेव मोडून हे करावं की नाद सोडावा? शेवटचा मूळ पगार ४२,८०० होता. सध्या चाकणला सिक्युरिटी सुपरवायझर आहे, पगार २२,०००. राहायला धानोरीत.

उत्तर: हवालदारसाहेब, नाद सोडू नका. ठेवही मोडू नका. आणि त्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

भांडण किती रकमेचं आहे ते आधी बघू, कारण खर्चाची मर्यादा त्यावरूनच ठरेल. मूळ पगार ४२,८०० आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० मिळून ४८,००० होतात. शंभर टक्के अपंगत्वाला याचे ३० टक्के, म्हणजे १४,४०० रुपये मिळतात. त्या हिशेबाने तुमच्या ३० टक्क्यांचे ४,३२० झाले. पण ५० टक्क्यांच्या आतलं अपंगत्व ५० टक्के धरण्याची राउंडिंग ऑफची तरतूद आहे, आणि सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ती लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सांगितलं. ती मिळाली तर रक्कम ७,२०० होते. त्यावर महागाई भत्ता मूळ रकमेच्या निम्मा धरला (आज तो त्याहून जास्त आहे), तरी महिन्याला १०,८०० आणि वर्षाला १,२९,६०० रुपये होतात. साडेसहा टक्के व्याजाच्या ठेवीतून एवढं उत्पन्न हवं असेल तर सुमारे २० लाख बँकेत लागतील. यशाची शक्यता निम्मीच धरली तरी हा दावा सोडण्यासारखा नाही.

राउंडिंग ऑफ आपोआप पदरात पडेल असं मात्र समजू नका. अर्जात ते स्वतंत्रपणे मागावं लागतं.

आता एजंटच्या अटी. तीन वर्षांची थकबाकी अंदाजे ३ लाख ८९ हजार होते. तिचे २० टक्के ७८ हजार, आणि आगाऊ ७५ हजार. म्हणजे जिंकलात तर दीड लाखाच्या वर त्याचे, आणि हरलात तर तुमचे ७५ हजार बुडाले. तो वकील असेल तर निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. वकील नसेल तर सशस्त्र दल न्यायाधिकरणात, म्हणजे एएफटीत, तो तुमच्या वतीने उभाच राहू शकत नाही. तिथे अर्जदार स्वतः किंवा त्याचा वकील, एवढ्यांनाच बाजू मांडता येते. शिवाय पुढे मिळणाऱ्या पेन्शनचा हिस्सा आधीच लिहून देणारा करार १८७१ च्या पेन्शन कायद्याने रद्दबातल ठरतो. म्हणूनच हे लोक कोरा स्टँप पेपर, पुढच्या तारखेचे चेक किंवा स्पर्श या पेन्शन पोर्टलचा पासवर्ड मागतात. यातलं काही आधीच दिलं असेल तर आजच पासवर्ड बदला आणि चेकचं पेमेंट थांबवण्याची बँकेला लेखी सूचना द्या.

घाई एका वेगळ्याच कारणासाठी करायला हवी. पेन्शनच्या दाव्यात उशीर झाला म्हणून हक्क सहसा बुडत नाही, पण थकबाकी बुडते. तरसेम सिंग प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हा दर महिन्याला होत राहणारा अन्याय आहे, म्हणून दावा उशिराही ऐकता येतो. मात्र थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल होण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळेल. तुमच्या निवृत्तीला तीन वर्षं उलटून गेली आहेत. म्हणजे इथून पुढे वाया जाणारा प्रत्येक महिना तुमच्या १०,८०० रुपयांवर कायमचं पाणी सोडतो. पहिल्या माणसाने नुसते कागद अडकवले नाहीत, त्याने तुमचं हे नुकसान केलं आहे.

तेव्हा या आठवड्यात दोन गोष्टी करा. कागद परत मागणारं पत्र त्या माणसाला स्पीड पोस्टने पाठवा आणि त्याची प्रत जपून ठेवा. उशिराचं कारण देताना तोच पुरावा होईल. आणि तो कागद देईल याची वाट न बघता बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, प्रतींचे पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. नुसतं 'माझी सर्व कागदपत्रं द्या' असं लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं. नाव घेऊन मागा: रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही (फॉर्म एएफएमएसएफ-१६), रक्तदाब पहिल्यांदा नोंदला गेला तेव्हाचा बोर्ड आणि नंतरचे सगळे री-कॅटेगरायझेशन बोर्ड (वैद्यकीय श्रेणी पुन्हा ठरवणारे), भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, तारखांसकट पोस्टिंगची नोंद, आणि दावा नाकारतानाचा निर्णय व त्यावरची टिपणी.

एएफएमएसएफ-१६ हातात आला की दोनच जागा आधी वाचा. एक, आजार कधी, कुठे, कोणत्या युनिटमध्ये सुरू झाला ती नोंद. दुसरी, सेवेशी संबंध नाही असं म्हणताना बोर्डाने दिलेलं कारण. बहुतेक वेळा तिथे एकच ओळ असते, की आजार पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, सुरू झाला. मग पोस्टिंगची यादी शेजारी ठेवा. त्या पीस स्टेशनला येण्याआधी तुम्ही फील्ड, हाय अल्टिट्यूड किंवा बंडखोरीविरोधी मोहिमेत होतात का, आणि तिथून आल्यावर किती महिन्यांनी रक्तदाब सापडला? रक्तदाब महिनोन् महिने लक्षणाविना असतो. तपासणी झाली तेव्हा तो सापडला, याचा अर्थ तेव्हाच सुरू झाला असा होत नाही. तुमच्या अपिलाचा कणा हा मुद्दा आहे आणि तो फक्त तुमच्या तारखांवरून उभा राहतो. छापील नमुन्यातलं अपील नेमकं इथेच पडतं, कारण त्यात ना पोस्टिंग असतं ना महिना.

कायद्याची बाजू तुमच्याकडे बऱ्यापैकी झुकते. धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं गृहीत धरायचं, आणि सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर. पण यावर डोळे झाकून विसंबू नका. २०१९ च्या नरसिंग यादव प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की भरतीवेळी आजार आढळला नाही एवढ्यावरच पेन्शनचा हक्क उभा राहत नाही, वैद्यकीय मताला वजन आहे. म्हणून मी वर निम्मी शक्यता धरली. सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम आले, पण तुमची निवृत्ती त्याआधीची आहे. त्यांचा हवाला देऊन कोणी तुम्हाला परत पाठवलं तर निवृत्तीची तारीख दाखवा.

पहिलं अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिल्या अपील समितीकडे जातं. नकाराच्या पत्रापासून सहा महिन्यांची मुदत असते. तुमची उलटली आहे, म्हणून उशीर माफ करण्याची विनंती आणि त्याचं कारण त्याच अर्जात घाला. दोन पानं पुरतात: सेवेचा तपशील, बोर्डाने लिहिलेलं कारण जसंच्या तसं, पोस्टिंगच्या तारखा, वरचे निकाल, राउंडिंग ऑफची मागणी. माहिती अधिकारातले कागद यायला वेळ लागला तरी अपील अडवून ठेवू नका. जे हातात आहे त्यावर पाठवा आणि बाकीचे मागाहून जोडत असल्याचं लिहा. स्पीड पोस्टची पावती आणि पोहोचल्याचा ट्रॅकिंगचा कागद त्याच आठवड्यात छापून फाइलला लावा. स्पर्शवर किंवा केंद्राच्या तक्रार पोर्टलवर केलेली तक्रार म्हणजे अपील नव्हे. कित्येकांचं वर्ष तिथे 'प्रकरण निकाली' हे उत्तर वाचण्यात जातं.

अपील पोहोचल्याच्या तारखेपासून सहा महिने मोजा. तेवढ्यात निर्णय आला नाही तर एएफटीत जायचा रस्ता कायद्याने मोकळा होतो. नकार आला तर दुसरं अपील असतं, पण थकबाकी महिन्यागणिक गळत असताना ते करायचं की थेट न्यायाधिकरणात जायचं, हे वकिलाला त्याच आठवड्यात विचारा. उशीर झाल्याचं कारण देऊन समितीने अपील घेतलंच नाही, तर ते पत्रही सांभाळा. पुढच्या अर्जाला तेच जोडायचं आहे. महाराष्ट्रासाठी मुंबईचं खंडपीठ आहे, आणि निवृत्त माणूस राहत्या ठिकाणच्या खंडपीठात अर्ज करू शकतो.

खर्च यामुळे आपोआप टप्प्यांत विभागला जातो. अपिलापर्यंत टायपिंग, झेरॉक्स, टपाल धरून दोन हजारांच्या वर जायचं कारण नाही. वकील लागेल तो सहा महिन्यांनी. तोवर पगारातून दरमहा ५,००० चं रिकरिंग सुरू करा, ३०,००० जमतील. वकिलाशी ठरावीक फी ठरवा, तीही तीन हप्त्यांत: अर्ज दाखल झाल्यावर, सरकारचं उत्तर आल्यावर, अंतिम सुनावणीला. एकूण ४०,००० च्या वर मी जाऊ देणार नाही. दाखल झालेल्या अर्जाचा नंबर हातात आल्याशिवाय पहिला हप्ताही देऊ नका.

त्याआधी फुकट मिळणारी मदत घ्या. पुण्यातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मसुदा तपासून मागा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे. सैनिक बोर्डांमध्ये कायदेशीर मदतीची सोय करणं हा तिचाच भाग आहे. १५१०० या हेल्पलाइनवर विचारून बघा. मोफत मिळालेला वकील असला तरी पोस्टिंगचा तक्ता तुम्हीच बनवून न्या.

ठेवीबद्दल एवढंच. मुदतीआधी मोडली तर बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापतात, पण खरं नुकसान ते नाही. प्रवेशाची फी ठरल्या तारखेला भरावी लागते आणि खटल्याचा निकाल कधी लागेल ते कोणालाच सांगता येत नाही. येणाऱ्या थकबाकीच्या भरवशावर कर्जही काढू नका. थकबाकी आली तर पेन्शन, चाकणचा पगार आणि ती रक्कम मिळून त्या वर्षाचं उत्पन्न १२ लाखांच्या, म्हणजे नव्या करप्रणालीत कर न लागण्याच्या मर्यादेच्या, काठावर जाऊ शकतं. तुम्ही सेवा पूर्ण करून निवृत्त झालात, म्हणून डिसॅबिलिटी पेन्शनला करमाफी आहे असं धरून चालू नका. रक्कम खात्यात आल्यावर विवरणपत्र भरण्याआधी थकबाकीवरच्या कर सवलतीचा हिशेब सीएकडून करून घ्या.

आणि वकिलाशी फी ठरवतानाच एक गोष्ट लिहून घ्या. बाजूने निकाल लागल्यावरही पैसे वेळेत आले नाहीत तर अंमलबजावणीचा वेगळा अर्ज करावा लागतो. तो याच फीत धरला आहे की त्याचे वेगळे पैसे पडतील, हे कागदावर असू द्या.