'गिडीनेस' सोडा, शुद्धीचं सांगा

प्रश्न असा आहे: 'प्रथमोपचाराचे इंग्रजी शब्द शिकतो आहे. "तो चक्कर येऊन पडला" याला "ही फेल डाउन ड्यू टू गिडीनेस" म्हटलं तर चालेल का? शिवाय "स्प्रेन" आणि "स्ट्रेन" यांत फरक काय?'

नाही चालणार. हे 'ड्यू टू गिडीनेस' इतक्या वेळा कानावर येतं की आता ऐकवत नाही. वाक्य व्याकरणात बसतं, पण ज्याला मदत पाठवायची आहे त्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. फोनच्या पलीकडच्या माणसाला सर्वांत आधी दोन गोष्टी कळायला हव्या असतात: माणूस शुद्धीवर आहे का, आणि त्याचा श्वास नीट चालू आहे का. 'गिडीनेस'मधून दोन्ही कळत नाहीत.

मूळ घोळ आपल्या 'चक्कर'चा आहे. उठताना क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली तरी चक्कर, खोली गरगर फिरायला लागली तरी चक्कर, आणि माणूस धाडकन कोसळून बेशुद्ध झाला तरी चक्करच. मराठीत पुढचा-मागचा संदर्भ आपल्याला सांभाळून घेतो. इंग्रजीत या तिन्ही गोष्टींची नावं वेगळी आहेत, आणि आणीबाणीच्या वेळी त्यांची सरमिसळ महागात पडू शकते. डोकं हलकं झालं, तोल जातोय असं वाटलं, पण भान आहे, तर 'ही फील्स डिझी' किंवा 'लाइटहेडेड'. भोवतालचं सगळं फिरतंय असं वाटलं तर 'व्हर्टिगो'. (उंचीच्या भीतीलाही हाच शब्द वापरतात, ते चूक, त्या भीतीला 'ॲक्रोफोबिया' हा स्वतंत्र शब्द आहे. 'व्हर्टिगो' लॅटिन 'व्हर्टेरे'वरून आला, म्हणजे वळणं. आपला 'वृत्' धातू आणि त्यावरून झालेला 'आवर्त' त्याच कुळातले.) थोडा वेळ शुद्ध गेली आणि माणूस आपोआप भानावर आला तर 'ही फेंटेड' किंवा 'ही पास्ड आउट'. अजूनही शुद्धीवर नसेल तर 'ही इज अनकॉन्शस'. याहून चांगलं 'ही इज अनरिस्पॉन्सिव्ह', कारण त्यात तुम्ही हाक मारून, खांदा हलवून पाहिलंत हेही आलं.

यात क्रियापदाचा काळ फार महत्त्वाचा. 'ही वॉज अनकॉन्शस' म्हणजे आता सावरला. 'ही इज' म्हणजे अजून पडलेला आहे. आपली माणसं घाईत नेमकं हेच 'वॉज' वापरतात, आणि ऐकणारा निर्धास्त होतो. पुढचा प्रश्न हमखास येतो, 'इज ही ब्रीदिंग नॉर्मली?' त्यातल्या 'नॉर्मली'कडे दुर्लक्ष करू नका. अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास येत असेल तर उत्तर 'येस' नव्हे. 'नो, ओन्ली गॅस्पिंग' असं सांगा. हृदय थांबलेला माणूसही सुरुवातीची काही मिनिटं असे आचके देऊ शकतो. बघणारा त्यालाच श्वास समजतो आणि छाती दाबायला सुरुवात करायची राहून जाते.

आता 'फेंट'. हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या 'फेन्द्र'चा, म्हणजे सोंग करणं, अंग चोरणं या अर्थाच्या क्रियापदाचा. म्हणून 'फेन' (बहाणा करणं) आणि 'फेंट' ही सख्खी भावंडं. दोघांच्या मागे लॅटिन 'फिंगेरे' आहे: माती मळून आकार देणं. त्याच्याही मागचा, लॅटिन आणि संस्कृत यांच्या समान पूर्वज भाषेतला जो मूळ धातू, तोच संस्कृतात 'दिह्' म्हणजे लिंपणं, आणि त्यापासून आपला 'देह'. देह आणि देहभान हरपण्याचा इंग्रजी शब्द एकाच मातीतले निघाले. पण हे झालं वाटेवरचं. खरी गंमत 'गिडी'त आहे.

आज 'गिडी'चा अर्थ कोश देतात तो गरगरल्यासारखा, हुरळलेला. अमेरिकेत तर हा शब्द मुख्यतः आनंदाने बेभान झालेल्या माणसाला लावतात, म्हणजे तुमचं वाक्य तिथे आणखीनच भरकटेल. पण जुन्या इंग्रजीत 'गिडिग' म्हणजे वेडा, झपाटलेला. गरगरण्याचा अर्थ त्याला सोळाव्या शतकात चिकटला. आणि झपाटलेला तरी कशाने? शब्दाच्या पोटातच उत्तर आहे. 'गॉड'ला विशेषण करणारा प्रत्यय लागून तो झाला असावा, असं मानतात. 'गिडी' म्हणजे ज्याच्यात देव शिरला आहे तो. मराठीत याला एकच चोख पर्याय आहे: अंगात आलेला. ग्रीकांचा 'एन्थुझिॲझम'ही असाच, 'एन' म्हणजे आत आणि 'थिऑस' म्हणजे देव. (हा 'थिऑस' आणि आपला 'देव' दिसायला जुळे वाटतात, पण त्यांचं नातं नाही. ध्वनिनियमांत ते बसत नाही. तरी ही जोडी लावणारे लेख थांबत नाहीत.)

आपले शब्द पाहा. चक्कर चक्रातून आली, घेरी घेरातून, भोवळ भोवण्यातून म्हणजे 'भ्रम्'मधून. आपण त्या अनुभवाचा आकार पाहिला आणि गोल गोल फिरलो. इंग्रजीने कारण शोधलं आणि ते देवावर ढकललं. मात्र 'घुमणं' हा आपला एक शब्द दोन्हीकडे पाय ठेवून आहे: अंगात आलेला माणूस घुमतो आणि भोवराही घुमतो.

मग 'गॉड' कुठून आला? इथे माझं बऱ्याच कोशकारांशी पटत नाही. ते आधी संस्कृत 'ह्वे' धातूकडे बोट दाखवतात, म्हणजे हाक मारणं. ज्याला हाक मारली जाते तो 'हूत', म्हणून देव. इंद्राचं 'पुरुहूत' हे विशेषण, म्हणजे पुष्कळांनी बोलावलेला, याच्या आधाराला देतात. दिसायला सुरेख जुळणी आहे. पण 'हूत'मधला 'ऊ' दीर्घ आहे, आणि 'गॉड'च्या मूळ जर्मॅनिक (इंग्रजी-जर्मन ज्या कुळातल्या, त्या कुळातल्या) रूपात 'उ' ह्रस्व आहे. ही लांडीलबाडी इतक्या जुन्या शब्दात खपत नाही. ह्रस्व 'उ' जसाच्या तसा मिळतो तो 'हुत'मध्ये, म्हणजे 'हु' धातूत: अग्नीत आहुती ओतणं. होम, हवन, आहुती, सगळे त्यातले. ज्याच्यासाठी ओतलं जातं, किंवा जिथे ओतलं जातं, ते दैवत. हे मत नवीन नाही, बरेच कोश ते दुसऱ्या क्रमांकावर देतात. माझं म्हणणं इतकंच की ते पहिल्या क्रमांकावर हवं. ह्रस्व-दीर्घाकडे काणाडोळा करून अर्थाच्या सोयीने धातू निवडणं, हे व्युत्पत्तीत बसत नाही.

आणि 'हु' मान्य केलात तर बक्षीस मिळतं ते थेट तुमच्या अभ्यासातलं. ओतणं या अर्थाचा हाच मूळ धातू एका वाढीव व्यंजनासह लॅटिनमध्ये 'फुंदेरे' झाला. त्यावरून 'इन्फ्युजन' म्हणजे शिरेत सलाइन सोडणं, 'ट्रान्सफ्युजन' म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्यात ओतणं, 'इफ्युजन' म्हणजे सांध्यात किंवा छातीत पाणी साठणं, आणि 'परफ्युजन' म्हणजे एखाद्या अवयवातून रक्त खेळतं असणं. ब्लड ट्रान्सफ्युजन आणि होम एका धातूचे! शिवाय माणूस फेंट का होतो, तर मेंदूचं परफ्युजन थोड्या वेळापुरतं घटतं म्हणून. म्हणजे जुन्या इंग्रजीने 'गिडी'चं जे कारण दिलं ते 'हु'चं, आणि आजचं वैद्यक जे कारण देतं तेही 'हु'चंच. शब्दांच्या अभ्यासात यापेक्षा सुंदर गाठभेट मला तरी ठाऊक नाही.

परफ्युजनचं समजलं की फेंट झालेल्याला काय करायचं तेही लक्षात राहतं. त्याला आडवं निजवा आणि पाय थोडे वर उचलून धरा, म्हणजे रक्त मेंदूकडे वळेल. इंग्रजी सूचना 'ले हिम डाउन, रेझ हिज लेग्ज' अशी येते. इथे 'ले' आणि 'लाय' यांत गोंधळू नका: 'लाय डाउन' म्हणजे तो स्वतः आडवा होतो, 'ले हिम डाउन' म्हणजे तुम्ही त्याला निजवता. मिनिटभरात भान आलं नाही तर तो साधा फेंट समजू नका. मग 'अनरिस्पॉन्सिव्ह' हाच शब्द.

किती शुद्ध आहे हे सांगायला प्रथमोपचारात चार शब्दांची एक उतरंड शिकवतात, ती पाठच करा: 'अलर्ट', मग फक्त 'व्हॉइस'ला म्हणजे हाकेला प्रतिसाद, मग फक्त 'पेन'ला म्हणजे चिमटा काढल्यावर, आणि शेवटी 'अनरिस्पॉन्सिव्ह'. 'ही रिस्पॉन्ड्स टू व्हॉइस' हे एक वाक्य दहा 'गिडीनेस'ला भारी आहे. रुग्णालयात यापेक्षा बारीक मोजमाप असतं, १९७४ साली टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी मांडलेलं ग्लासगो कोमा स्केल (जीसीएस). त्यात डोळे, बोलणं आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण देतात. ते तुम्हाला लावायचं नाही, पण 'जीसीएस एट' असं कानावर आलं तर दचकू नका. तो आठ म्हणजे गुणांचा आकडा.

'कोलॅप्स्ड' हा आणखी एक फसवा शब्द. तो फक्त पडल्याचं सांगतो, शुद्धीचं नाही. 'ही कोलॅप्स्ड' म्हणालात तर पुढचं वाक्य लगेच जोडा.

स्प्रेन-स्ट्रेनचं थोडक्यात: सांध्याचा अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारा पट्टा) ताणला किंवा फाटला तर स्प्रेन, स्नायू किंवा त्याचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) ताणला किंवा फाटला तर स्ट्रेन. पाय मुरगळतो तो बहुतेक वेळा स्प्रेन, कमरेत उसण भरते तो बहुधा स्ट्रेन.