वाचकांचे प्रश्न : लांडग्याने नेलेल्या कोकराची भरपाई

प्रश्न : आमचे मूळ गाव माण तालुक्यात. चुलते मेंढरे घेऊन दौंडकडे गेले असता, एका शेतात बसवलेल्या कळपावर रात्री लांडगा आला. दोन मेंढ्या मेल्या आणि एक कोकरू त्याने उचलून नेले. कोकराची भरपाई मिळेल का? अर्ज गावाकडे केला तर चालेल का?

उत्तर : अर्ज जिथे घटना घडली तिथल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडेच करावा लागतो, पैसे चुलत्यांच्या बँक खात्यात जमा होत असल्याने खाते माणचे असले तरी अडचण नाही. घटनेची खबर ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा १९२६ या क्रमांकावर द्यावी, आणि पंचनामा होईपर्यंत मेलेली जनावरे जागेवरून हलवू नयेत, कारण सुळ्यांच्या खुणा व आसपासची पावले पाहूनच हल्ला लांडग्याचा की भटक्या कुत्र्यांचा हे ठरते, आणि कुत्र्यांनी फाडलेल्या मेंढीला वनविभाग भरपाई देत नाही.

२०२२च्या सुधारित दरांनुसार मेंढीच्या बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळते. माडग्याळ जातीचा नामांकित मेंढा लाखांत विकला जातो, त्याच्या धन्यालाही एवढेच!

खरी अडचण कोकराची आहे. गोठ्यात बांधलेल्या गाईचा विचार करून बेतलेली ही पद्धत प्रेत समोर आहे असे धरूनच चालते; लांडगा मात्र कोकरू तोंडात धरून ओढ्यात किंवा उसात शिरतो, आणि दुसऱ्या दिवशी वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, पुढच्या शिवारात हललेला असतो. त्यामुळे अनेक मेंढपाळ अर्जाच्या वाटेलाच जात नाहीत. आमच्या मते हा दोष त्यांचा नसून नियमांचा आहे. तरीही अशा वेळी उजाडताच ओढ्याकाठी शोध घ्यावा, लोकर, रक्त, खूर जे सापडेल त्याचे जागेवरच मोबाइलवर फोटो काढावेत, आणि वाडा हलवणे भागच असेल तर घरातील एकाने मागे थांबून शेतमालकाचा व पोलीस पाटलांचा जबाब पंचनाम्यात नोंदवून घ्यावा. काहीच अवशेष मिळाले नाहीत, तर कोकराचा दावा मंजूर होणे अवघड आहे. मात्र त्यापायी दोन मेंढ्यांचा अर्ज रखडू देऊ नये.

मेलेल्या मेंढीवर विष टाकण्याचा सल्ला कुणी दिल्यास तो मुळीच ऐकू नये. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने तो गंभीर गुन्हा ठरतो, शिवाय त्या विषाने राखणीची कुत्रीही मरतात.