आयसिंगच्या मऊ कुकीज

प्रश्न : घरी केलेल्या आयसिंगच्या कुकीज गार झाल्या की कडक होतात. काय चुकतं?

उत्तर : बहुतेकदा मैदा जास्त पडतो. कप दाबून भरू नका, वजनच करा. ११५ ग्रॅम लोण्याला १५० ग्रॅम साखर, १ अंडं, ६० ग्रॅम सावर क्रीम (आंबवलेली घट्ट साय), २४० ग्रॅम मैदा आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर. गोळा चिकट लागणारच; वरून मैदा न घालता दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. पोळी ८ मिलिमीटर जाड लाटा. १७५ अंश सेल्सिअसला ९-१० मिनिटं पुरतात. कडा जेमतेम धरल्यात आणि मधला भाग अजून फिका दिसतोय, तेव्हाच ट्रे काढा. तापल्या ट्रेवर त्या पुढे शिजतातच. तळ तपकिरी झाला तर उशीर झाला समजा. आयसिंग मात्र पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर आयसिंगमधलं लोणी वितळून ओघळतं.